टाकीतली कांडी

व्हर्लिन हॉगस्टडच्या तळघरात त्या सकाळी पाण्याशी संबंध असलेल्या एकंदर एकोणीस वस्तू होत्या. विहिरीचं पाणी दाबाने साठवणारी निळी टाकी एक. चुना काढून जड पाणी मऊ करणारं यंत्र एक, आणि त्याचं मिठाचं पिंप एक. चाळीस-चाळीस पौंडांच्या मिठाच्या गोण्या अकरा, त्यांतली एक कोपऱ्यात फुटलेली. पन्नास गॅलनची गरम पाण्याची टाकी एक, वय वर्षे बारा. नळ दोन, कपडे धुण्याचं यंत्र एक आणि बादली एक. बादली कोरडी होती.

ही मोजणी व्हर्लिनने स्वतः केली होती, वहीत उतरवली होती आणि खाली सही ठोकली होती. चौतीस वर्षं त्याने पीकविम्याच्या कंपनीत गारपिटीचे पंचनामे केले होते. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी मक्याच्या शेतात उतरायचं, दोरीने आखलेल्या पट्ट्यात उभी ताटं किती, आडवी किती ते मोजायचं, आणि समोरचा कितीही हवालदिल झालेला असला तरी त्याला शांतपणे टक्केवारी सांगायची, हे त्याचं काम. असा माणूस निवृत्त झाला म्हणून मोजायचं थांबवत नाही. फक्त मोजायला मका उरत नाही, इतकंच.

मोजणीची वेळ आली ती मेव्हणीमुळे. आर्डिसची धाकटी बहीण लव्हॉन मे महिन्याच्या अखेरच्या सुटीत ओमाहाहून राहायला आली होती. पहिल्याच सकाळी ती न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आली, कॉफीचा कप उचलला आणि खिडकीबाहेरच्या तळ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्याकडचं गरम पाणी जरा वेगळं आहे, नाही का?"

मिनेसोटाच्या त्या नैर्ऋत्य कोपऱ्यात 'वेगळं' हा शब्द माणसं फार जपून वापरतात. कुणाचं कोठार जळून खाक झालं, कुणाचा जावई तुरुंगात गेला, तर तिथे "जरा वेगळंच झालं" म्हणतात. त्यापुढचा कडक शब्द तिथल्या बोलण्यात नाही. आर्डिसचा चेहरा असा झाला की लव्हॉनने घाईघाईने केकचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

लव्हॉन गेल्यावर आर्डिस म्हणाली, "मी दोन वर्षं सांगतेय."

"काय सांगतेयस?"

"नासकी अंडी."

"अंडी हा शब्द तू काढलासच कधी? तू म्हणायचीस, खिडकी उघडू का."

"तेच सांगत होते."

मग तिने फडताळातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. गावात, चर्चच्या शेजारी, लिफ्ट असलेली नवी इमारत झाली होती. तिथला एक फ्लॅट इमारतीच्या व्यवस्थापक बाई लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, आर्डिससाठी राखून ठेवणार होत्या. पाणी नगरपालिकेचं. तळघर नाही.

"लेबर डेपर्यंत पाणी ठिकाणावर आलं तर इथे राहू," आर्डिस म्हणाली. "नाही आलं तर मी सही करणार. तुझीही मीच करीन, हस्ताक्षर येतं मला."

व्हर्लिनने खिडकीतून पाहिलं. तळं होतं, तळ्यात त्याने स्वतः फळी फळी मोजून बांधलेला धक्का होता, धक्क्याला नाव बांधलेली होती. लिफ्टमधून यातलं काहीच दिसत नाही. "तीन आठवडे पुरेत," तो म्हणाला, आणि वही घेऊन तळघरात उतरला.

इथपर्यंत सगळं त्याच्या हातात होतं. चूक झाली ती रविवारी. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळमजल्यावर कॉफी असते, आणि त्या कॉफीला तो डुएन कुबिचेकजवळ म्हणाला की घरच्या पाण्याचं जरा बघायचं आहे.

डुएन हा रस्त्यापलीकडचा शेजारी. आयुष्यभर धान्याच्या गोदामावर होता. त्याचा आवाज धान्याच्या यंत्रांवरून ऐकू जाईल इतका मोठा झाला होता आणि निवृत्तीनंतर कुणी तो लहान करायला सांगितलं नव्हतं.

"पाणी पूर्ण मऊ कर," डुएन म्हणाला. "तुझ्या यंत्राच्या बाजूला तो छोटा नळ आहे ना, थोडं जड पाणी मिसळणारा? बंद करून टाक. मऊ पाण्याला वास नसतो. येतो मी पाना घेऊन."

"कशाला त्रास," व्हर्लिन म्हणाला.

"त्रास कसला."

"नको रे, बघतो मी."

"दुपारी येतो."

आता पहिला नकार ही तिथली रीत आहे, दुसरा सभ्यपणा आहे आणि तिसरा भांडण आहे. कॉफी असो, केक असो की सल्ला, तिसऱ्यांदा पुढे केलेली गोष्ट घ्यावीच लागते. व्हर्लिनने साठ वर्षांत एकदाही तिसरा नकार दिलेला नव्हता. दुपारी डुएन आला, नळ बंद झाला.

पाणी मऊ झालं, यात शंका नाही. इतकं मऊ झालं की अंगाचा साबण निघेचना. व्हर्लिन सकाळी न्हाऊन बाहेर पडायचा तो नुकत्याच पकडलेल्या माशासारखा, आणि टॉवेल त्याच्या हातातून निसटायचा. वास मात्र होता तिथेच होता. आधी त्यात थोडा चुन्याचा कोंदटपणा होता, तो गेला, आणि अंड्याचा वास कसा शुद्ध, निर्भेळ येऊ लागला.

पुढच्या रविवारी मार्व्हेल ऑफ्टेडालनी कॉफीचा कप बशीत ठेवला. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, बोलणं बेताचं, त्यामुळे त्या बोलल्या की लोक खुर्च्या पुढे ओढत. "आमच्या ह्यांनी टाकीतली कांडीच काढली होती," त्या म्हणाल्या. "वास त्या कांडीचा. काढली, आणि तीन दिवसांत वास गेला."

ही कांडी म्हणजे काय ते व्हर्लिनला माहीत होतं, कारण टाकीबरोबरचं माहितीपत्रक वाचणारा गावातला तो एकटाच. टाकी आतून पोलादाची, वर काचेचा पातळ मुलामा. मुलाम्याला कुठे ना कुठे टाचणीएवढी भोकं राहतातच. म्हणून टाकीच्या पोटात वरून मॅग्नेशियमची एक लांब कांडी सोडलेली असते. पोलादाच्या आधी ती झिजते. टाकीच्या वाट्याचा गंज आपल्या अंगावर घेते. बहुतेक घरांत अशी एक व्यक्ती असते आणि ती संपेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

तेव्हा कांडी काढू नये, हे व्हर्लिनला पक्कं ठाऊक होतं. पण मार्व्हेलबाईंनी तीनदा सांगितलं.

कांडीचं डोकं टाकीच्या माथ्यावर असतं आणि बारा वर्षांत ते टाकीशी एकजीव झालेलं असतं. डुएनने पान्याच्या दांड्याला चार फुटी लोखंडी नळी अडकवली आणि भार दिला. डोकं हललं नाही. टाकी मात्र नळ्यांसकट एक इंच फिरली.

"मिठी मार तिला," डुएन म्हणाला.

"कुणाला?"

"टाकीला. दोन्ही हातांनी. अशी लांबून काय धरतोस? लाजू नकोस, मी कुणाला सांगत नाही."

व्हर्लिनने टाकीला मिठी मारली, गाल पत्र्याला टेकला आणि डोळे मिटले. डुएन नळीला लोंबकळला. त्याच वेळी आर्डिस कपड्यांची टोपली घेऊन जिन्यावर आली. तिने वरून दोघांकडे पाहिलं, "मी नंतर येते," म्हणाली आणि वळली.

तिसऱ्या झटक्याला डोकं कुरकुरलं आणि सुटलं. बाहेर आली ती कांडी नव्हतीच. एक तार, तिला इथे तिथे चिकटलेले पांढरट खडे. उसाचं चिपाड बरं. दोघांनी ते दिव्याखाली धरून पाहिलं.

"हाच तो चोर," डुएन म्हणाला.

व्हर्लिनच्या मनात आलं की चोर इतका रोडावलेला असेल तर त्याने चोरलं काय. पण तोवर डुएनने भोकाला पितळी बूच बसवलं होतं.

वास तीन दिवसांत गेला. चौथ्या दिवशी व्हर्लिनने गरम पाण्याचा ग्लास नाकाखाली धरून अर्धा मिनिट उभं राहून पाहिलं. काही नाही. पुढचे तीन आठवडे हा त्याचा सुवर्णकाळ होता. रविवारच्या कॉफीला तो आपणहून बोलला, मुद्द्याला मुद्दा जोडून बोलला, आणि शेवटी टक्केवारीही सांगितली. आर्डिसने फ्लॅटचा कागद फडताळात ठेवला. फाडला नाही, हे त्याने पाहिलं, पण तिकडे दुर्लक्ष करण्याइतका तो खुशीत होता.

आर्डिस चर्चच्या वेदीमंडळात होती. वेदीवरची पांढरी वस्त्रं घरी नेऊन धुवायची, इस्त्री करून रविवारी अंथरायची, ही पाळी जुलैत तिची. शनिवारी तिने यंत्राचं झाकण उघडलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. आठही वस्त्रं कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती.

दुसरी वस्त्रं नव्हती. रविवारी तीच अंथरली गेली. हजर माणसं एकशे बारा होती, हे व्हर्लिनने मोजलं, कारण मान खाली घालून बसल्यावर दुसरं करणार काय. कुणी एक शब्द बोललं नाही. पास्टर दाराशी हात मिळवताना फक्त म्हणाले, "आर्डिस, आज वेदी जरा वेगळी दिसत होती."

गाडीशी आल्यावर काचेवर वायपरखाली चिठ्ठ्या खोचलेल्या सापडल्या. गंजाचे डाग कसे काढावेत: लिंबू, व्हिनेगर, लिंबू आणि मीठ. चिठ्ठ्या नऊ, सही एकीवरही नाही. घरी पोचल्यावर आर्डिसने फडताळ उघडलं आणि कागद पुन्हा टेबलावर ठेवला, या वेळी पेनसकट.

"पाण्याची रीतसर तपासणी करून घेतो," व्हर्लिन म्हणाला. सल्ल्याने नासलं ते कागदाने सुधारेल, अशी त्याची श्रद्धा होती. चौतीस वर्षं त्याने कागदच बनवले होते.

काउंटीच्या कचेरीत पाण्याच्या खिडकीवर जोलीन व्रहोटा नावाच्या बाई बसत. पन्नाशीच्या, अतिशय नम्र. व्हर्लिनने टाकीतल्या लालसर पाण्याची बाटली पुढे ठेवली.

"ही आम्हाला चालत नाही हो," बाई म्हणाल्या. "बाटली आमची लागते. आम्ही विहिरीचं पाणी घेतो, टाकीचं नाही. आणि मंगळवार ते गुरुवार, दुपारी बाराच्या आत. आज शुक्रवार आहे."

"बाटली द्या मग."

"देते ना. विहिरीचा नंबर?"

विहिरीचा नंबर विहिरीवरच्या पट्टीवर असतो. पट्टी कुठल्याशा हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या यंत्राने नेली होती. नंबर दप्तरात शोधायला घरमालकाचं नाव लागतं, आणि दप्तरात मालक अजूनही ते होते ज्यांच्याकडून व्हर्लिनने घर घेतलं होतं आणि जे एकोणीस वर्षांपूर्वी वारले होते. त्यांची सही आणा, असं बाई म्हणाल्या नाहीत. पण अर्जात तशी चौकट होती आणि त्या चौकटीकडे दोघांनीही पाहिलं. दुसऱ्या खेपेला खरेदीखत आणलं, नंबर मिळाला, बाटली भरून दिली. तिसऱ्या खेपेला, तीस जुलैच्या मंगळवारी, निकाल आला.

जडपणा गॅलनमागे एकतीस ग्रेन. सल्फेट लिटरमागे चारशे दहा मिलिग्रॅम.

"याचा अर्थ काय?" व्हर्लिनने विचारलं.

जोलीनबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या पाण्यात सल्फेट भरपूर. ते खाणारे जंतू असतात, माणसाला काही करत नाहीत. मॅग्नेशियमची कांडी झिजताना हायड्रोजन सुटतो, त्यावर ते पोसतात आणि अंड्याचा वास सोडतात. कांडी काढली की वास जातो."

"गेला होता."

"पण मग गंज टाकीला धरतो. कांडी काढायची नसते, बदलायची असते. ॲल्युमिनियम-जस्ताची घालायची. टाकी एकदा ब्लीचने धुवून घ्यायची. आणि पाणी पार मऊ करायचं नसतं हो. पार मऊ पाण्यातून वीज जास्त सहज वाहते, त्यात कांडी भराभरा संपते. आतून चुन्याचा पापुद्राही धरत नाही. थोडं जड पाणी मिसळू द्यायचं. पाच-सहा ग्रेन राहिले की बेस."

व्हर्लिनने निकालाच्या कागदाची घडी घातली. "हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"माझ्याही विहिरीला तेच पाणी आहे."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही बाटलीचं विचारलंत," जोलीनबाई म्हणाल्या. "आगाऊपणा कसा करायचा?"

एकतीस जुलैला सकाळी सव्वासात वाजता व्हर्लिन नवी कांडी आणायला निघण्याआधी सहज तळघरात उतरला आणि त्याचे मोजे भिजले. टाकीच्या बुडातून पाण्याची बारीक धार लागली होती. धार मिठाच्या गोण्यांखालून जात होती, आणि फुटकी गोणी निम्मी विरघळून तळघराच्या मधोमध एक छोटा समुद्र झाला होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही खाऱ्या पाण्यात बसलेला. त्याने पाणी बंद केलं, आणि मग, सवयीने, बादली धरून मिनिटाला किती गळतं ते मोजलं. अर्धा कप.

डुएन पाणी ओढायचं यंत्र घेऊन धावत आला. तासभर दोघांनी पाणी ओढलं. मग डुएन यंत्र बंद करून म्हणाला, "माझी गेल्या पाच वर्षांत दुसरी आहे."

"काय दुसरी?"

"टाकी. पहिली अशीच गेली."

"आणि तू मला नळ बंद करायला सांगितलंस?"

"माझ्या टाकीला वास नव्हता. तू वासाचं म्हणत होतास. टिकली किती, ते तू कुठे विचारलंस?"

व्हर्लिनला मार्व्हेलबाईंच्या यजमानांची टाकी आठवली. ती किती टिकली, तेही त्याने विचारलं नव्हतं. चौतीस वर्षं गारपिटीत दुसऱ्यांची नुकसानी मोजणारा माणूस, त्याने एकदाही विचारलं नव्हतं की बाबांनो, पुढे काय झालं. उंटावरच्या शहाण्यांना दोष देता येतो, पण उंट याच्याच अंगणात बांधलेला होता.

तीन ऑगस्टच्या शनिवारी नवी टाकी बसली. परवान्याचा प्लंबर आला, काउंटीचा शिक्का झाला. आर्डिस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सगळं बघत होती. प्लंबर गेल्यावर व्हर्लिनने हात पुसले आणि नव्या टाकीकडे असा हात केला की जणू ती त्यानेच ओतून काढली होती.

"जुनीही एकदा नवीच होती," आर्डिस म्हणाली. "मला एवढंच सांग. दहा वर्षं टिकेल? मी आता सदुसष्टची आहे. सत्त्याहत्तराव्या वर्षी मला या पायऱ्या उतरून पाणी उपसायचं नाही. टिकणार असेल तर राहू. नसेल तर लिफ्ट."

"टिकेल," असं म्हणायला व्हर्लिनने तोंड उघडलं आणि मिटलं. अंदाज सांगणं त्याच्या धंद्यात पाप होतं.

"महिनाभर दे," तो म्हणाला. "मोजून सांगतो."

टाकीबरोबर आलेली मॅग्नेशियमची कांडी त्याने प्लंबरकडून काढून घेतली होती. टाकीच्या माथ्यावरून घर तापवणाऱ्या हवेचा पत्र्याचा बोगदा गेलेला, त्यामुळे सरळ लांब कांडी शिरेना. म्हणून ॲल्युमिनियम-जस्ताची सांध्यासांध्यांची कांडी आणली, ती दिसायला सॉसेजच्या माळेसारखी. आत सोडण्यापूर्वी त्याने ती आर्डिसच्या पीठ तोलायच्या काट्यावर परातीत गुंडाळून ठेवली. परात वगळून आठशे एकाहत्तर ग्रॅम. त्यात तार आणि डोकं मिळून सत्तर. झिजण्यासारखा धातू आठशे. महिन्याला सहा ग्रॅमपर्यंत घट आली, तर दहा वर्षं निघतात. सात आली, तर नाही. हिशोब त्याने वहीत मांडून आर्डिसला दाखवला. तिने तो दोनदा तपासला आणि खाली स्वतः लिहिलं: आठशे पासष्ट किंवा जास्त भरली तर घर, कमी भरली तर सही.

ऑगस्ट शिस्तीत गेला. मिश्रणाचा नळ सहा ग्रेनवर. ब्लीचची धुलाई एकदा. सकाळी वासाची परीक्षा आर्डिसच्या नाकाने, रंगाची परीक्षा पांढऱ्या रुमालाने. दोन्ही परीक्षा रोज पास. महिन्याच्या मध्यावर डुएन अंगणात आला आणि म्हणाला, "आच वाढवून बघ. खूप तापलेल्या पाण्यात जंतू राहत नाहीत."

व्हर्लिनला माहीत होतं की पाणी जितकं तापेल तितका गंज धावतो. "कशाला त्रास," तो म्हणाला.

"त्रास कसला. एक खुंटी तर फिरवायची."

"बघतो मी."

"चल, आत्ताच फिरवून देतो."

"नको," व्हर्लिन म्हणाला.

दोघांच्या मधून एक डास गेला. डुएनने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "बरं," तो म्हणाला, आणि घरी गेला. तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तो काकड्या घेऊन, आणि जाताना म्हणाला, "तोलशील तेव्हा हाक मार."

लेबर डेच्या सकाळी नऊ वाजता टाकी बंद करून, दाब उतरवून, व्हर्लिनने पाना लावला. या वेळी डोकं एका झटक्यात सुटलं. माळ सांध्यासांध्याने वर आली, डुएनने ती परातीत धरली. स्वयंपाकघराच्या टेबलावर काटा होता. काट्याशेजारी फ्लॅटचा कागद, कागदावर पेन, आणि आठशे पासष्टच्या पानावर उघडलेली वही. आर्डिसने चष्मा लावला.

काट्याने आकडा दाखवला. आठशे चौऱ्याहत्तर.

"वाढली की," डुएन म्हणाला. "अभिनंदन. हिला खायला काय घालतोस?"

व्हर्लिनने वाकून कांडी जवळून पाहिली. कांडीवर पिठासारखा पांढरा थर बसला होता, आणि तो थर म्हणजे धातू नव्हे, हे त्याला दिसत होतं. आठशे चौऱ्याहत्तर हा आकडा टेबलावर होता, आर्डिसने वाचला होता, साक्षीदार हजर होता. खिडकीबाहेर धक्का उन्हात वाळत होता.

"हे वजन खरं नाही," तो म्हणाला. "वरचा थर चुन्याचा आहे. तो काढून, वाळवून तोलायला हवं."

आर्डिसने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिने मोरीवरचा तारेचा ब्रश घेतला आणि बाही वर केली. "तू नाही," ती म्हणाली. "मी घासते."

तिने एकेक सांधा घासला. घाई केली नाही, सूटही दिली नाही. धुतला, पुसला. मग कोमट ओव्हनमध्ये माळ अर्धा तास ठेवली. त्या अर्ध्या तासात डुएनने तीनदा कॉफी घेतली, तीही पहिल्या विचारण्याला. माळ बाहेर काढली, गार होऊ दिली, परात आधी रिकामी ठेवून काटा शून्यावर आणला.

आर्डिसने माळ दोन्ही हातांनी परातीत ठेवली आणि हात मागे घेतले. आकडे थोडे मागेपुढे झाले आणि थांबले.

आठशे सहासष्ट ग्रॅम.